चौकातली ढोली देणे आहे

सह्याद्रीच्या कुशीतल्या एका जंगलात, चार वाटा जिथे एकत्र येत तिथे, एक म्हातारा बेहडा उभा होता आणि त्या बेहड्याच्या ढोलीत एका धनेश पक्ष्याचा संसार चालत असे. जंगलातले सगळे त्या जागेला चौक म्हणत. एक वाट पाणवठ्याला जाई, एक उंबरांच्या राईकडे, एक कड्याकडे आणि एक पलीकडच्या खोऱ्यात उतरे. मुलांनो, चार वाटा मिळतात तिथे बाजार आपोआप भरतो, त्याला कुणाचे आमंत्रण लागत नाही. साळिंदर कंद मांडून बसे, खार बिया मांडी आणि अस्वल मध घेऊन येई. गिऱ्हाईक येईपर्यंत त्यातला निम्मा मध ते स्वतःच चाटून टाकी, ही गोष्ट वेगळी.

बेहड्याची एक जाड फांदी वाकून जमिनीला टेकली होती. तिच्यावरून चढत गेले की खोडातली ढोली लागे. आत ऐसपैस, कोरडी, उन्हाळ्यात गार. तोंड मात्र अरुंद. ही ढोली धनेशाने कोरलेली नव्हती. धनेशाची चोच दिसायला एवढी मोठी, पण लाकूड कोरायच्या कामाची नाही. कधी काळी वादळात एक फांदी मोडली, त्या जखमेत पाणी मुरले, कुण्या सुतार पक्ष्याने टोचे मारले, झाड आतल्या आत झिजत गेले, तेव्हा कुठे ती जागा झाली. त्यात किती पिढ्या गेल्या ते बेहड्यालाच ठाऊक. धनेशिणीला ती आपल्या आईकडून मिळाली होती आणि आईला तिच्या आईकडून.

दरवर्षी चैत्रात धनेशीण ढोलीत शिरे आणि आतून तोंड लिंपून घेई. धनेश ओली माती आणून देई, ती थापत जाई. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी राखायची. मग पिल्ले मोठी होईपर्यंत ती आत कोंडलेली. पंखांची पिसेसुद्धा ती गाळून टाकी, म्हणजे मनात आले तरी उडता येणार नाही. नवऱ्याने फटीतून दिलेला घास, एवढाच काय तो तिचा जगाशी संबंध. बाजारात तेव्हा शब्द फिरे, "भिंत लागली." भिंत लागली की चौकात कुणी आरोळी देत नसे. भांडायचे असेल त्याने पाणवठ्यावर जाऊन भांडावे. असा नियम कुणी केला नव्हता, पण तो मोडायचे कुणाच्या मनातही येत नसे.

एका हिवाळ्यात, धुके अजून वितळायचे होते तेव्हा, धनेशाने बायकोला हाक मारली आणि ती उठली नाही. त्यांची लेक मागच्याच वर्षी पलीकडच्या खोऱ्यात संसाराला गेली होती. ढोली रिकामी झाली. धनेश समोरच्या फांदीवर बसून राही. सकाळी उठून सवयीने उंबर तोडून आणी, ढोलीच्या तोंडाशी नेई आणि तिथे गेल्यावर त्याला आठवे. ते फळ मग त्याला खाववत नसे आणि टाकवतही नसे. बिचाऱ्याचे दुःख खरे होते. पुढे जे घडले त्याबद्दल त्याला बोल लावताना हे विसरू नका.

अशा वेळी त्याच्याकडे टकाचोर आला. टकाचोर हा लांब शेपटीचा देखणा पक्षी. नावात चोर असला तरी तो चोरी करीत नसे, दलाली करी. जंगलात कुणाचे बीळ रिकामे, कुणाचे घरटे जुने झाले, हे त्याला घरच्यांच्या आधी कळे.

"काका, रागावणार नसाल तर एक बोलू?" तो शेजारी बसत म्हणाला.

"बोल."

"बारा महिन्यांतून दोन-तीन महिने लागणारी जागा. आता तर तेवढीही लागणार नाही. चौकातला असला मोक्याचा गाळा बंद ठेवायचा म्हणजे पिकलेलं उंबर फांदीवर सुकू द्यायचं. तुमचेही पंख थकलेत. कुणाला दिलीत तर घरबसल्या दोन घास मिळतील."

धनेशाची नजर ढोलीच्या तोंडाकडे गेली. त्या अरुंद तोंडाच्या कडेला जुन्या मातीचा लेप अजून चिकटलेला होता आणि त्यावर धनेशिणीच्या चोचीचे वण होते. लेकीची आठवण त्याला झाली नाही असे नाही. झाली, पण तिला तिचे घर आहे असे म्हणून त्याने ती झटकून टाकली. त्याला घासांची हाव नव्हती. ते तोंड रोज डोळ्यांसमोर नको, एवढेच त्याला हवे होते.

"दे सांगून," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी टकाचोर झाडाझाडावरून ओरडत सुटला, "चौकातली ढोली देणे आहे! विकत घ्या, भाड्यानं घ्या! चारही वाटांवरून दिसणारी, कोरडी, हवेशीर!"

पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली. साळिंदराने डोके आत घातले, पण काट्यांनी आत यायचे नाकारले. खारीला जागा फार मोठी वाटली. घोरपड मात्र सावकाश चढून आली, आत एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "मी विकतच घेते. कायमची. आत दुकान टाकेन नाहीतर झोपेन, ते माझं मी बघीन." बोलता बोलता तिची जीभ बाहेर येऊन ढोलीच्या तोंडाशी पडलेल्या जुन्या पिसांवरून फिरली. ते धनेशाला आवडले नाही. त्याने विकायचा विचार सोडून दिला. भाड्याने दिली म्हणजे जागा आपलीच राहते, अशी त्याने मनाची समजूत घातली.

शेवटी उदमांजराशी बोलणे ठरले. उदमांजर फळांचा व्यापारी, बोलायला सभ्य, व्यवहाराला चोख. रोज सकाळी पिकलेल्या फळांचा एक वाटा धनेशाच्या फांदीवर पोचवायचा, असे भाडे ठरले.

"एकच अडचण आहे, काका," उदमांजर म्हणाले. "तोंड अरुंद आहे. गिऱ्हाइकाला वाटेवरून माल दिसला पाहिजे. जरा रुंद करून घेतलं तर तुमची हरकत नाही ना?"

सुतार पक्ष्याला बोलावणे गेले. तो आला, खोडाला चिकटून इकडून तिकडून सरकला, चोचीने दोन ठिकाणी वाजवून पाहिले आणि धनेशाकडे वळला.

"आजोबा, करू ना? नाही, विचारून घेतो. मला कोरता येतं. कोरलेलं परत जोडता येत नाही."

धनेशाने ढोलीकडे एकदा पाहिले. "कर बाबा," तो म्हणाला आणि डोळे मिटून बसला. टोचे पडू लागले. जुन्या मातीचे तुकडे वाळक्या पानांवर पडत होते तेही त्याला ऐकू आले. काम झाल्यावर त्याने डोळे उघडले. समोर एक मोठे, अनोळखी तोंड होते. त्यात त्याच्या बायकोची कुठलीच खूण नव्हती. त्याला बरे वाटले. खरेच बरे वाटले, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी त्याला शांत झोप लागली.

दुकान जोरात चालले. उंबरे, बोरे, आवळे यांच्या राशी चारही वाटांवरून दिसत. धनेशाला भाडे वेळेवर मिळे. येणारेजाणारे त्याला "मालक" म्हणू लागले. त्याला हसू येई, पण वाईट वाटत नसे. चैत्र आला. त्या वर्षी भिंत लागली नाही, म्हणून बाजाराने आवाज खाली केला नाही. म्हाताऱ्या अस्वलाने एकदा वर पाहिले, एक सुस्कारा सोडला आणि पुन्हा मध चाटू लागले.

अशा एका सकाळी खोऱ्याच्या वाटेने धनेशाची लेक आली. बरोबर जावई होता. दोघांचीही पिसे धुळीने भरली होती. लेक बापाच्या फांदीवर उतरली आणि दम खाऊन म्हणाली, "बाबा, आमचं झाड गेलं. वाऱ्यानं मुळासकट उपटलं. सगळं खोरं पालथं घातलं आम्ही. ज्या ढोल्या आहेत त्यांत कुणी ना कुणी आहे. माझे दिवस भरत आलेत. मग मीच यांना म्हटलं, इतकं काय घाबरायचं, आईची ढोली आहे की."

बोलता बोलता ती वळली आणि तिने पाहिले. ढोलीच्या रुंद तोंडात करवंदांची रास होती आणि गिऱ्हाइके भाव करीत उभी होती. ती पाहतच राहिली. बापाला एका शब्दानेही तिने काही विचारले नाही. ती रागावून दोन शब्द बोलली असती, तर धनेशाला ते सोपे गेले असते.

तो तसाच उडून उदमांजराकडे गेला. काय बोलावे ते त्याने वाटेत जुळवले होते, पण तोंडातून एवढेच निघाले, "माझी लेक आली आहे."

उदमांजराने फांदीकडे पाहिले. लेक पंख पाडून बसली होती. काय ते त्याला कळले. "आज सांजेपर्यंत माल हलवतो, काका," ते म्हणाले. "तिचे दिवस काही आपल्यासाठी थांबायचे नाहीत."

आणि बोलल्याप्रमाणे त्याने जागा मोकळी केली. झाडून घेतली, सालपटेसुद्धा उचलली. पण निघताना ते फांदीवर घुटमळले. "काका, माल माझा होता, तो मी नेला. पण ते आधीचं तोंड आता कुठून आणून देऊ?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच लेक आत शिरली आणि आतून माती थापू लागली. बाप आणि जावई बाहेरून चोची भरभरून चिखल आणत होते. सुतार पक्षी मान खाली घालून जवळच बसला होता. त्याने विचारले होते, तरी त्याला चैन पडत नव्हते. दुपारपर्यंत दोन्ही कडांना लेप बसला, पण मधे आधार नव्हता. ऊन लागले, मातीला तडा गेला आणि सगळी भिंत ढासळून आत लेकीच्या अंगावर पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा लेक आतून म्हणाली, "बाबा, राहू द्या आता. अंडं तर आजच घालावं लागेल. जे होईल ते होईल."

खाली वाटेवर अंडी-पिल्ले खाणारी ती घोरपड उन्हाला येऊन बसली होती. तिला कसलीच घाई नव्हती.

धनेशाने तिच्याकडे पाहिले, लेकीकडे पाहिले. मग तो ढोलीच्या तोंडात जाऊन उभा राहिला, बरोबर मधोमध. पंख दोन्ही बाजूंना थोडे पसरले आणि छाती बाहेरच्या बाजूला धरली.

"माती लाव," तो म्हणाला. "माझ्या दोन्ही अंगांनी लाव. मी आधाराला आहे."

"मामा, तुम्हाला मग हलता यायचं नाही," जावई म्हणाला.

"माझी बायको इथं दरवर्षी कोंडून घ्यायची. तिला कुठं हलता येत होतं?"

"बाबा, ऐका माझं," लेक म्हणाली. "तुम्ही आता म्हातारे झालात."

"म्हणूनच तर. दुसऱ्या कुठल्या कामाचा उरलो नाही. लाव माती. वाळायच्या आत लाव."

लेकीने आतून माती लावली, जावयाने बाहेरून. म्हाताऱ्याच्या पंखांना धरून माती बसली आणि या वेळी ती पडली नाही. ढोलीचे तोंड बंद झाले. फट म्हणून उरली ती धनेशाची मान आणि चोच. त्या दिवशी, उशिराने का होईना, बाजारात शब्द फिरला, "भिंत लागली." आरोळ्या थांबल्या. अस्वलाने आपला मध उचलला आणि जमिनीला टेकलेल्या फांदीच्या टोकाशी येऊन ते बसले, ते तिथून हलले नाही. घोरपड दोनदा आली आणि दोनदा परत गेली. तिसऱ्यांदा ती खोडाच्या मागच्या अंगाने चढली, तेव्हा धनेशाने आयुष्यात कुणावर उगारली नव्हती ती चोच तिच्या डोक्यात हाणली. ती पुन्हा दिसली नाही.

मग रोज असे चाले. जावई फळ आणी आणि सासऱ्याच्या चोचीत देई. म्हातारा मान मागे वळवून ते आत लेकीला देई.

"मामा, हे तुम्ही खा," जावई म्हणे.

"खातो, खातो. आधी तिला." आणि पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर, "आधी त्याला."

उदमांजर उत्तम फळे निवडून फांदीवर ठेवून जाई. भाडे आता कुणी मागत नव्हते, तरी ठेवून जाई. त्यातलीही बहुतेक आतच जात. मान वळवायला म्हाताऱ्याला दिवसेंदिवस जास्त वेळ लागू लागला. एकदा लेकीने आतून विचारले, "बाबा, दुखतं का?" तो म्हणाला, "तुझ्या आईला आत कसं वाटत असेल, ते मी कधी विचारलंच नव्हतं. आता कळतंय थोडं थोडं." मग पुढचा घास आत देत म्हणाला, "ढोली माझी नव्हती गं. मी तिच्या तोंडाशी उभा राहणारा."

आत पिल्लू वाढले. त्याला पिसे फुटली, ते पंख झाडू लागले आणि एका सकाळी भिंतीवर चोच आपटू लागले. लेकीचीही पिसे पुन्हा आली होती. ती आनंदाने म्हणाली, "बाबा, झालं. आता जरा सांभाळा, मी भिंत फोडते."

उत्तर आले नाही.

"बाबा."

धनेशाची मान आत वळलेली होती. चोचीत सकाळचे उंबर होते, नुकतेच जावयाने दिलेले. देता देताच तो थांबला होता. डोळे उघडे होते आणि ते पिल्लाकडे लागलेले होते. पिल्लाला यातले काय कळणार? ते रोजच्यासारखे पुढे झाले आणि आजोबांच्या चोचीतून त्याने उंबर काढून घेतले.

लेकीने भिंत फोडली नाही, सोडवली. कणाकणाने माती काढून तिने बापाला मोकळे केले. पिल्लाने त्याच दिवशी पहिली झेप घेतली आणि ते समोरच्या त्याच फांदीवर जाऊन बसले. चौकात सगळे उभे होते. भिंत नव्हती, तरी बाजार त्या दिवशी मुका राहिला.

संध्याकाळी टकाचोर उडाला. तो झाडाझाडावर थांबत ओरडत गेला, "चौकातली ढोली देणे नाही. विकत नाही, भाड्यानं नाही. ती फक्त राखणे आहे." दलालाने असे ओरडत फिरावे, हे जंगलाने त्याआधी कधी ऐकले नव्हते.

बेहडा अजून उभा आहे. ढोलीच्या रुंद तोंडाच्या कडेने नवी साल येऊ लागली आहे, झाडाच्या सवडीने, अगदी सावकाश. तोंड पुन्हा पहिल्याइतके अरुंद व्हायला किती वर्षे लागतील कोण जाणे. तोवर दर चैत्रात लेक आत शिरते, माती थापली जाते आणि पिल्लू बाहेर पडेपर्यंत जंगलातले कुणी ना कुणी आधाराला मधे जाऊन उभे राहते. एका वर्षी उदमांजर उभे होते. सुतार पक्षी तर दरवर्षी असतो.

तात्पर्य : जे आपल्याला घडवता येत नाही, ते मोडायची मुभा देण्याचा अधिकार आपल्याला नसतो, वारशाने आलेली जागा आपली नसते, मागून येणाऱ्यांची असते, आणि आपण तिचे फक्त राखणदार.